आजोबांची ठासणीची बंदूक: नळी, लॉक आणि कापलेला दस्ता कसा वाचायचा

आमच्या घरी ती माजघराच्या दारावर दोन खुंट्यांवर आडवी असायची. बाबा वर्षातून दोनदा उतरवायचे. एकदा काजू धरायच्या दिवसांत वानरं हाकलायला, आणि एकदा भात पोटरीला आल्यावर डुकरांसाठी. नुसती दारू ठासून आवाज काढायचे. गोळी घातलेली मी कधी पाहिली नाही. तिच्याबद्दल घरात एकच गोष्ट सांगितली जायची, आणि आत्या ती दर गणपतीला नव्याने सांगायची: "सत्तावनच्या बंडातली ती. पणज्याक एका शिपायान दिल्यान." मी सुतार, कुडाळात माझं वर्कशॉप आहे. लाकडाशिवाय मला काही कळत नाही. पण बाबा गेल्यावर ती बंदूक माझ्या नावावर करायची वेळ आली, तेव्हा कागदावर 'ही काय आहे' ते लिहायची पाळी माझ्यावर आली आणि मी तिच्या मागे लागलो. त्यात जे शिकलो ते इथे लिहितो. कोकणात अजून कित्येक घरांत अशी एखादी बंदूक आहे, आणि घरातल्यांना तिच्याबद्दल फक्त आत्याची गोष्ट ठाऊक आहे.

आधी कागद. परवाना बंदुकीचा नसतो, माणसाचा असतो. माणूस गेला की त्याच दिवसापासून बंदूक बेवारशी परवान्याची होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. मग वारसाने आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा, बाकीच्या वारसांची संमती जोडायची. 'एवढी जुनी आहे, तिला कसला परवाना' असं सांगणारे गावात चार जण भेटतील. कायद्याच्या ४५ व्या कलमात जुनाट, पुरातन मूल्याच्या हत्यारांना सूट आहे खरी, पण ती दुरुस्ती करूनही जे चालू शकत नाही अशा हत्यारांना. जी बंदूक बाबांनी गेल्या भादव्यात उडवली ती त्यात बसत नाही. आणि तुमची बसते की नाही हे तुम्ही-आम्ही ओसरीवर बसून ठरवायचं नसतं.

मी ती शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली. पुढचं जे सगळं निरखणं सांगतो ते त्यांच्या दुकानात, त्यांच्या समोर, त्यांच्या टेबलावर झालं. तुम्हीही तसंच करा. बंदूक पिशवीत घालून जाणकाराकडे हिंडू नका. माझ्याकडे तर मुळीच आणू नका. एकाने खरंच आणली होती, त्याला चहा न देता परत पाठवला.

हात लावण्याआधी एक गोष्ट. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही. काडतुसाच्या बंदुकीसारखं मागून उघडून बघता येत नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर तिला वयाचं बंधन नाही. आमच्याकडे भरून ठेवून विसरण्याची पद्धतच होती. म्हणून आधी निपलवर, म्हणजे घोड्याखालच्या ज्या बारीक नळकांड्यावर ठिणगी देणारी टोपी बसते त्यावर, टोपी नाही ना ते पाहा. (घोडा म्हणजे टोपीवर आपटणारा हातोडा.) मग तोंडासमोरून बाजूला उभं राहून नळीत एक लाकडी काठी (लोखंडी गज नको) हलकेच टेकेपर्यंत सोडा. नळीच्या तोंडाशी काठीवर बोटाने खूण धरा, काठी बाहेर काढा, आणि तीच खूण तोंडाशी ठेवून नळीला बाहेरून लावा. काठीचं टोक निपलच्या जवळपास यायला हवं. दोन-तीन बोटं अलीकडेच राहिलं तर आत काहीतरी आहे. ती दारू असेल, चिंधी असेल किंवा कुंभारणीचं घरटं असेल. तिथे थांबा आणि विक्रेत्याच्या कारागिराला सांगा. स्वतः टोकरू नका.

आता ओळख. सुरुवात शिक्क्यांपासून करू नका. सगळे जण तिथूनच करतात आणि फसतात. लॉकच्या, म्हणजे घोडा हलवणाऱ्या यंत्रणेच्या, पाटीवर 'टॉवर' आणि साल दिसलं की माणूस तिथेच थांबतो, बाकी बंदूक बघतच नाही. आधी ती कुठल्या घराण्यातली ते ठरवा.

घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा धरायचा जबडा असेल तर चकमकीची. घोडा हातोडीसारखा पोकळ तोंडाचा आणि खाली निपल असेल तर टोपीची. दिसायला टोपीचीच, पण नळीच्या मागच्या टोकाला उजवीकडे उघडणारं बिजागरीचं झाकण असेल तर ती स्नायडर. जुन्या ठासणीच्या एनफिल्डचा (एनफिल्ड हा ब्रिटिश सरकारी बंदूक कारखाना) मागचा तुकडा कापून १८६६ पासून काडतुसाची केलेली. घोडाच दिसत नाही आणि चापाच्या मागे खाली ओढायचा दांडा आहे, तर मार्टिनी-हेन्री. ही ब्रिटिश फौजेत १८७१ ला आली. बोल्ट आणि खाली मॅगझीन असेल तर ती ली-एनफिल्डच्या घरातली. तिची गोष्ट वेगळी आणि कायद्याच्या बाजूने जास्त नाजूक, म्हणून इथे तिला हात घालत नाही.

चकमकीची नंतर टोपीची केलेलीही सापडते. लॉकच्या पाटीवर बुजवलेली भोकं दिसतात, कारण गारगोटीखालची पोलादी झडप आणि दारूची कुंडी काढून टाकलेली असते. अशा बंदुकीची नळी लाकडात आरपार गेलेल्या बारीक खिळ्यांनी धरलेली असेल आणि आतून ती सुमारे पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर असेल, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली 'इंडिया पॅटर्न' मस्केट असण्याची दाट शक्यता. नळी खिळ्यांऐवजी बांगड्यांनी, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असेल तर पुढे वाचा. आमची तशी होती.

कोकणात, घाटावर आणि देशभर ज्या जुन्या लष्करी ठासणीच्या सापडतात त्यांत एनफिल्डच्या १८५३ च्या नमुन्याचा वाटा मोठा आहे. हीच ती बंदूक, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ ला ठिणगी पडली. म्हणजे आत्याच्या गोष्टीला पाया होता. मजला तेवढा चुकला.

टेप आणि व्हर्नियर घ्या. नळीची लांबी बाहेरून मोजू नका. तीच लाकडी काठी आत घालून मोजा. पूर्ण लांबीच्या १८५३ ची नळी ३९ इंच, तीन बांगड्या, आणि अख्खी बंदूक ५५ इंच, म्हणजे उभी केली तर माझ्या गळ्यापर्यंत. त्याच घरातली आखूड रायफल ३३ इंच नळीची आणि दोन बांगड्यांची. तोफखान्याची कार्बाइन २४ इंच, घोडदळाची २१. आमची भरली ३१ इंच. फौजेतल्या कुठल्याच मापात हे बसत नाही, म्हणजे कुणीतरी कापली. पण कापायच्या आधी ३९ होती की ३३?

इथे दस्त्याच्या, म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगाच्या, मागच्या पाटीने सांगितलं. लांब १८५३ ला दस्त्याची मागची पाटी, चापाभोवतीची कडी आणि लाकडाच्या पुढच्या टोकाची टोपी पितळेची असते. आखूड रायफलींना बहुतेक लोखंडी. आरमाराची आखूड रायफल तेवढी पितळी. आमच्याकडे पितळ होतं, आणि दोन बांगड्यांच्या मागे नळीवर आणखी एका बांगडीची पुसट फिकी रेघ होती, आखूड रायफलीला जिथे बांगडी नसते अशा जागी. म्हणजे मूळची लांब, तीन बांगड्यांची.

नळी कापली आहे का हे तिच्या तोंडावरूनही कळतं. कारखान्याचं तोंड नळीला अगदी काटकोनात आणि कडा किंचित मोडलेली असते. आमच्या तोंडावर कानशीच्या तिरक्या रेघा, आणि कोन लावला तर एका बाजूला कागद सरकेल एवढी फट. मूळ माशी म्हणजे नेम धरायला नळीच्या तोंडाशी वर बसवलेला लोखंडी चौकोनी ठोकळा, तोच संगिनीला अडकवायचा. आमच्याकडे त्या जागी पितळेचा ठिपका होता, डाक लावून चिकटवलेला. नळी कापली की माशी जाते, मग गावचा माणूस नवी बसवतो.

हे सांगताना एक सावधगिरी. नळी आखूड करणं हे शस्त्र कायद्याच्या ६ व्या कलमाखाली परवान्याशिवाय गुन्हा आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणी कापली ते तुम्हाला कोणी विचारत नाही. पण 'तोंड जरा सरळ करून घेऊ' म्हणून अर्धा इंचसुद्धा घासू नका. लांबीला कागदावरही महत्त्व आहे: संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याच्या कलमात नळी किमान २० इंच अशी अट लिहिलेली आहे. त्याच कलमात पिकांच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक वेगळी नोंदली आहे.

आता नळीचं आतलं माप. १८५३ ची रायफल .५७७ इंचाची, साधारण १४.६५ मिलिमीटर, आत तीन रुंद आणि उथळ आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा. आटे इतके उथळ की गंज चढला की दिसत नाहीत. तोंडाशी टॉर्च तिरका धरा, किंवा काठीला कापसाचा बोळा बांधून सावकाश ओढा. बोळा वळायला बघतो तेव्हा आटे आहेत. आमच्या नळीत काहीच वळलं नाही. तोंडाशी माप १६.२, आणि नळीच्या भिंतीची जाडी एका बाजूला २.२ तर समोरच्या बाजूला ३.४ मिलिमीटर. कुणीतरी आतून पोखरून आटे काढून टाकले होते, आणि पोखरताना हात एका बाजूला गेला होता.

हे कुणी केलं ते ठरवायला थोडा इतिहास लागतो. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींच्या हातात आटे नसलेल्या बंदुका द्यायचं ठरवलं. १८५९ चा नमुना दिसायला १८५३ सारखाच पण आतून गुळगुळीत, सुमारे.६५ इंचाचा. त्यावर मागचा नेमही साधा, न हलणारा ठोकळा असे, कारण गुळगुळीत नळीने लांबचा नेम धरायचाच नसतो. म्हणून नेमाची जागा पाहा. गुळगुळीत नळी आणि साधा ठोकळा असेल तर ती सरकारनेच देशी शिपायांसाठी केलेली असू शकते. गुळगुळीत नळी, पण उभ्या शिडीसारख्या नेमाचा रुंद पाया किंवा त्याच्या डाकेचा डाग असेल, तर ती आधी रायफल होती आणि नंतर पोखरली. आमच्या नळीवर तो चौकोनी डाग होता, नखाएवढा रुंद, बाकी नळीपेक्षा वेगळ्या रंगाने गंजलेला. भिंत एवढी वाकडी, म्हणजे सरकारी कारखान्याचं काम नव्हेच. छर्रे घालायला सोयीचं म्हणून कुणा गावच्या कारागिराने केलं असावं. (अशा नळीतून पुन्हा दारू उडवायची इच्छा माझी तिथेच मेली. २.२ मिलिमीटरच्या बाजूला कान कुणाचा असतो, विचार करा.)

आता शिक्के. आता वाचले तर चालतील. आधी त्यावर काही घासू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा, जवळजवळ पाटीला टेकवून धरा आणि मोबाइलने फोटो काढा. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरं सावलीने उठतात. किंवा पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्यांवर घासायचो तशी.

घोड्याच्या मागे मुकुट, त्याखाली 'व्ही. आर.', म्हणजे व्हिक्टोरिया राणी. घोड्याच्या पुढे साल आणि 'टॉवर' किंवा 'एनफिल्ड'. 'टॉवर' म्हणजे लंडनच्या किल्ल्यात बनली असं नव्हे. बर्मिंगहॅमच्या आणि लंडनच्या ठेकेदारांकडून सरकारने जमवून घेतलेला माल. 'एनफिल्ड' म्हणजे सरकारी कारखान्याचा. क्वचित 'विंडसर' लिहिलेली सापडते. ती अमेरिकेत व्हरमाँट राज्यात ठेक्याने बनवून घेतलेली. मुकुट आहे पण खाली 'व्ही. आर.' नाही, तर ती सरकारी भरतीची नसून व्यापारासाठी बनलेली असण्याचा संशय धरा. पाटीवर मागच्या दोन पायांवर उभा सिंह असेल तर ईस्ट इंडिया कंपनीचा माल. नळीवर, लाकडावर किंवा पितळेवर बाणाचं टोक ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. त्या बाणाखाली 'आय' असेल तर हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून चांदणीसारखे दिसले तर सरकारने तो माल सेवेतून काढून विकला आहे. ही खूण सापडली तर आनंद माना. शिपायाने पळवून आणल्याची गोष्ट मात्र तिथेच संपते.

नळीवर '२४' किंवा '२५' असे आकडे असतील तर ते साल नाही आणि नंबरही नाही. त्या नळीच्या तोंडाएवढ्या गोळ्या एका पौंड शिशातून किती होतील ते माप आहे. आमच्याकडे एक मास्तर '२५' म्हणजे १८२५ असं गेली पंचवीस वर्षं सांगत होते.

नकली ओळखायला एक सोपी कसोटी: राणी व्हिक्टोरिया १८३७ ला गादीवर आली आणि १९०१ ला वारली. 'व्ही. आर.' आणि साल १८१२, किंवा 'व्ही. आर.' आणि १९०७, असं दिसलं तर तो शिक्का कुणीतरी बाजारासाठी मारलेला आहे. उलटी अक्षरं, वाकडा मुकुट, साच्याऐवजी छिन्नीने टोचलेला 'टॉवर' हेही तसंच. खैबर खिंडीच्या भागातले कारागीर अख्खीच्या अख्खी बंदूक हाताने घडवत आणि न समजणारी अक्षरं चित्रासारखी उतरवत. ती बंदूक टाकाऊ नव्हे, पण लष्करीही नव्हे.

आमच्या पाटीवर काय होतं? मुकुट, व्ही. आर., टॉवर, १८६१. आत्या महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

पण हेही लक्षात घ्या, पाटीवरचं साल म्हणजे पाटीचं साल. लॉक दोन स्क्रूंनी निघतं. मोडक्या पाच बंदुकांमधून एक चालती करणारे लोक होते. पाटी, नळी आणि लाकूड हे तिन्ही एकाच बंदुकीचे आहेत का ते मी ज्याच्यामुळे शोधू शकलो ते म्हणजे लाकूड. आणि या विषयावर बोलणारे लोक लाकडाबद्दल दोन ओळीत उरकतात, म्हणून इथे मी जरा बसून घेतो.

ब्रिटिश लष्करी दस्ता अक्रोडाचा. गडद तपकिरी, बारीक आणि घट्ट, तेल प्यायला की काळपट, आणि नखाने दाबलं तर सागापेक्षा चिवट लागतो. अक्रोड कोकणात होत नाही. म्हणून दस्त्याचा मागचा भाग अक्रोडाचा असेल तर तो बंदुकीबरोबर बाहेरून आला, एवढं तरी नक्की. अख्खा दस्ता फणसाचा, सागाचा किंवा शिवणीचा असेल तर तो गावातच घडला. रंगावर जाऊ नका; शंभर वर्षांचा धूर, तेल आणि हातांचा मळ सगळ्याला एकच रंग देतो. नळी ज्या खोबणीत बसते तिच्या तळाशी पाहा. तिथे उजेड गेलेला नसतो. फणस असेल तर तिथे अजून हळदीसारखा पिवळा असतो. (त्यासाठी नळी काढावी लागते: मागचा स्क्रू आणि बांगड्यांचे स्क्रू. हे काम दुकानातल्या कारागिराला करू द्या. बांगड्या पुढच्या बाजूला सरकतात. मागे ओढणाऱ्याने आमच्या देखत एका बंदुकीचं लाकूड चिरलं.)

आमच्या दस्त्याचा मागचा भाग अक्रोडाचा होता, आणि लॉकच्या पुढे सहा बोटांवरून फणस सुरू होत होता. बाहेरून काही दिसत नव्हतं. जोडावर काळं रोगण फासलेलं. मी बोट फिरवत होतो तेव्हा रेषा बदललेली नखाला लागली. जोड तिरका होता, एवढं बरोबर केलं होतं. पण तो धरायला लाकडी खुंटी नव्हती, आरपार दोन लोखंडी खिळे होते, आणि खिळ्यांची भोकं आतून जळालेली होती. गिरमिटाने पाडलेलं भोक कोरडं आणि सोललेलं असतं. हे तापवलेल्या सळईने पाडलेलं, कडा कोळशाच्या. म्हणजे हे सुताराचं काम नव्हे, लोहाराचं. आमच्या घरात पणजोबांनी दस्ता बदलला असा एक उपकथानकाचा धागा होता, तो मी तिथेच तोडला. आमच्या पणजोबांनी असा जोड केला असता तर त्यांच्या बापाने त्यांना रंध्याने मारलं असतं.

फणसाच्या भागात दारू ठासायच्या गजाची खाच नव्हती. मूळ दस्त्याला नळीखाली लांब खोबण असते, तिच्यात लोखंडी गज बसतो. इथे गज वेगळाच, बांबूचा, बाहेरून दोरीने बांधलेला. आणि पुढच्या टोकाची पितळी टोपी नव्हती. म्हणजे पुढचा भाग मोडला किंवा सडला, नळी कापताना तोही कापला, आणि नवा तुकडा फक्त नळीला आधार म्हणून लावला. नळी आणि लाकूड एकाच वेळी आखूड झाली हे असं कळतं: फणसाची खोबण कापलेल्या तोंडाशी नेमकी संपत होती. नळी नंतर कापली असती तर लाकूड पुढे उरलं असतं, किंवा त्यावर पुन्हा कापल्याची ताजी रेघ दिसली असती.

मग लॉकची खाच. पाटी बाहेर काढली की लाकडात तिच्या आकाराचा खड्डा दिसतो. पाटी मूळची असेल तर कडा तिला त्वचेसारख्या चिकटलेल्या असतात, कागदही जात नाही. दुसऱ्या बंदुकीची असेल तर कुठेतरी चिंध्या, मेण किंवा लाकडाची पट्टी भरलेली सापडते. खड्ड्याचा तळही वाचा. एनफिल्डच्या कारखान्यात १८५० च्या दशकाच्या शेवटी दस्ते यंत्रावर कोरायला लागले, तिथे खड्ड्याचे कोपरे गोल असतात, फिरत्या पात्याचे. 'टॉवर' वाल्या ठेकेदारांचं काम बरंचसं हाताचं, पटाशीच्या लहान सरळ घावांचं. त्यांचे भाग एकमेकांत बदलूनही बसत नसत. आमच्या खड्ड्यात पटाशीच होती. एका कोपऱ्यात माणसाचा हात घसरला होता, पाव इंच, आणि त्याने तो तसाच सोडला होता, कारण पाटीखाली कोण बघणार. बर्मिंगहॅमच्या त्या माणसाला मी मनात सलाम केला. मीही सोडतो.

पाटी तिथे घट्ट बसत होती. म्हणजे लॉक आणि अक्रोडाचा तुकडा एकत्र जन्मलेले. नळीची मागची शेपटीही लाकडात तशीच मुरलेली. तिन्ही एकाच बंदुकीचे होते.

दस्त्याच्या मागच्या टोकाकडे जाऊ. उजव्या बाजूला लाकडावर गोल शिक्का असायला हवा, कारखान्याचा किंवा भांडाराचा. बहुतेक वेळा तो घासून गेलेला असतो. आडव्या टॉर्चने कधी अर्धा चंद्र दिसतो. डाव्या बाजूला, लॉकच्या समोर, दोन स्क्रूंची डोकी पितळी वाट्यांत बसलेली असावीत. पितळी पाटीची एक जीभ वर लाकडात उतरलेली असते. कुणी दस्ता मागून आखूड केला असेल तर तिथे सापडतो, कारण पाटी पुन्हा बसवताना जिभेची खाच मागे वाढवावी लागते आणि जुन्या स्क्रूचं भोक बुजवावं लागतं. बुटक्या माणसासाठी किंवा पोरासाठी असं करत. आमची मागची बाजू कुणी छेडलेली नव्हती.

छेडली ती मी. पंधरा-सोळा वर्षांचा असताना गणपतीत घरातली सगळी भांडी चिंचेने घासायला बसवलं होतं, तेव्हा मी उत्साहाने बंदुकीची पितळी पाटीही घासून लख्ख केली. पितळेवर पलटणीचे आकडे ठोकलेले असतात, शिपायाच्या बंदुकीचा पलटणीतला क्रमांक. आज तिथे एक 'बी' आणि एक अर्धवट सात उरला आहे. तो सात बहुधा एक असेल. पलटण कुठली ते त्या चिंचेबरोबर गेलं.

म्हणून: पितळ घासू नका, लाकडाला सँडपेपर लावू नका, पॉलिश तर नकोच. सुती फडका, लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हलका हात, लोखंडाला मशीनच्या तेलाचा. खोबरेल लावू नका, चिकट होतं आणि धूळ धरतं. पावसाळ्यात गोणपाटात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका; आत दमटपणा अडकून पंधरा दिवसांत लालेलाल. जोडाचा फणस काढून नवा अक्रोड बसवायचं मला चार जणांनी सुचवलं, मी सुतार म्हणून. मला दोन दिवसांचं काम आहे. मी केलं नाही. तो लोहाराचा भिकार जोड काढला तर ही बंदूक कोकणात काय करत होती हे सांगणारी एकमेव वस्तू जाईल.

तुलना करायला खऱ्या बंदुका पाहाव्यात. पुण्यात राजा केळकर संग्रहालय, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापुरात न्यू पॅलेस. तिथे जुनी शस्त्रं मांडलेली आहेत. काचेपलीकडून बांगड्यांची संख्या, पितळ की लोखंड, माशीचा आकार एवढं नक्की दिसतं. आणि अमेरिकेतला भाचा 'मला पाठवून दे' म्हणाला तर त्याला सांगा, शंभर वर्षांवरच्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि खासगी माणसाला त्या परदेशी धाडता येत नाहीत. आमच्या भाच्याला हे पटायला दोन व्हिडिओ कॉल लागले.

शेवटी अर्जात काय लिहायचं. बाबांच्या परवान्यावर फक्त 'एक नळी ठासणी' एवढं होतं, आणि जमा पावतीवर 'जुनी, दस्ता मोडका'. मी अर्जासोबत मापांचा कागद जोडला: नळी ३१ इंच, गुळगुळीत, तोंडाशी १६.२ मिलिमीटर; लॉकवर मुकुट, व्ही. आर., टॉवर, १८६१. मूळ नमुना १८५३ ची लष्करी रायफल, नंतर नळी आखूड केलेली आणि आतून पोखरलेली. दस्ता मागे अक्रोड, पुढे फणस, लोखंडी खिळ्यांचा जोड. चारही बाजूंचे फोटो. कारकुनाने ते वाचून विचारलं, "मेस्त्री, फणस लिहायलाच पाहिजे का?" मी म्हटलं, लिहा. पुढच्या वेळी निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा होईल आणि परत घेताना समोर दहा ठासणीच्या उभ्या असतील, तेव्हा माझी कुठली ते फणसावरूनच कळणार आहे.